चार जणांचा गेम कन्सोलवर न्यायचा, तर किती प्रती खपायला हव्यात?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही चौघं गोव्यातल्या डिचोलीचे मित्र, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले. दोघं वेर्ण्याला नोकरी करतात, दोघं घरून फुटकळ कामं घेतात. रानातल्या राखणदारावर, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या दैवतावर, तुम्हांला एक साहसी गेम करायचा आहे आणि तो पीसीबरोबर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच या तिन्ही कन्सोलवर, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्रांवर, आणायचा आहे. खर्च किती येईल आणि किती प्रती खपल्या म्हणजे गेम चालला म्हणायचं, हे तुम्ही विचारलंय. शिवाय, टूम रेडर या गाजलेल्या गेमच्या ३४ लाख प्रती खपूनही कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली असं सांगितलं, मग आमच्यासारख्यांनी कसली आशा धरायची, अशी शंकाही आहे.

मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. पहिली आठ पुण्यात काढली, पुढची फोंड्यात. बहुतेक काळ प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे कोणी काय करायचं, कधीपर्यंत आणि किती पैशांत, याची वही सांभाळणारा माणूस. त्या अनुभवावरून सांगतो: गेमला खर्च किती येतो, या प्रश्नाला उत्तर नाही. विकणार किती, याचा प्रामाणिक अंदाज आधी करायचा आणि तेवढ्या विक्रीत बसेल एवढाच गेम करायचा. हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे.

टूम रेडरचं कोडं आधी सोडवू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. माझ्या मावशीच्या यजमानांचा मालीम जेटीवर ट्रॉलर होता. लहानपणी मला वाटायचं, पाट्या भरभरून बांगडे उतरले म्हणजे दिवस चांगला गेला. काका मात्र पाट्या मोजायच्या आधी डिझेल किती जळलं, बर्फ किती लागला, खलाशांचे किती दिवस मोडले, हे विचारायचे. कधी चाळीस पाट्या उतरूनही त्यांचा चेहरा पडलेला असायचा, आणि त्याच सकाळी किनाऱ्याजवळून दोन पाट्या घेऊन आलेला होडीवाला खुशीत घरी जायचा. खोल समुद्रात जाण्याचा खर्चच इतका, की ट्रॉलरला चाळीस पाट्या पुरत नव्हत्या.

आता तारखा बघा. टूम रेडर ५ मार्च २०१३ ला बाजारात आला. तो काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्सचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे त्या वर्षाच्या अंदाजात धरलेली विक्री चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी होती. ३४ लाख हा त्या चार आठवड्यांतला आकडा आहे, गेमच्या आयुष्याचा नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीला गेम नफ्यात आल्याचं स्टुडिओने सांगितलं आणि २०२१ पर्यंत त्याची विक्री १ कोटी ४० लाखांच्या पुढे गेली. तेव्हा ‘अपेक्षा’ हा शब्द वाचलात की दोन गोष्टी विचारा: खर्च किती झाला होता, आणि पैसे किती दिवसांत परत यायला हवे होते. या दोन गोष्टी कळल्याशिवाय प्रतींच्या आकड्याला अर्थ नाही. तुमच्या डोक्यावर भागधारक नाहीत, मार्चअखेर नाही. ही तुमची मोठी सोय आहे आणि ती तुम्ही जपायला हवी.

मोठ्या गेमचा खर्च कुठे पोहोचलाय हे बाहेर सहसा कळत नाही. पण जून २०२३ मध्ये एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात प्लेस्टेशनवाल्या सोनीची काही कागदपत्रं आली आणि त्यांतला काळ्या शाईने खोडलेला मजकूर वाचता येत होता. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर लागले, असं त्यातून कळलं. पहिल्याला सुमारे ७० महिने लागले आणि काम भरात असताना दोनशेच्या आसपास माणसं त्यावर होती. ‘स्पायडर-मॅन २’ तर ३० कोटी डॉलरच्या घरात गेला. स्टुडिओतून चोरीला गेलेल्या कागदांवरून कळलं की नुसता खर्च भरून यायला त्याच्या पूर्ण किमतीला ७२ लाख प्रती विकायला लागणार होत्या. भागाकार करून बघा: प्रतीमागे साधारण ४२ डॉलर. गेमची किंमत ७० डॉलर. मधले २८ डॉलर कुठे गेले, हा प्रश्न इथेच मनात धरून ठेवा, तुमच्या गेमलाही तो लागू आहे.

खर्च कसा बनतो ते आता. गेमला कच्चा माल लागत नाही. माणसं गुणिले महिने, एवढाच मूळ खर्च. बाकी सगळं त्याच्या कडेला.

तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही चौघं पगार घेणार नाही, त्यामुळे खर्च जवळजवळ शून्य.’ इथे मी तुम्हांला थांबवतो. आपल्याकडे जत्रेचं नाटक बसतं तेव्हा तालमींचे पैसे कोणी मागत नाही. दुकान बंद करून माणूस येतो, रात्री बारापर्यंत तालीम करतो, घरी जातो. ते जमतं, कारण तालमी दोन-तीन महिन्यांत संपतात आणि देवाचं काम म्हणून घरचेही सांभाळून घेतात. गेम दोन-तीन वर्षं चालतो. फुकट काम करणारी चार माणसं चौदाव्या महिन्यात तीन होतात, हे मी तीन वेळा जवळून पाहिलंय. दर वेळी गेलेला माणूस वाईट नव्हता. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. त्याच्या जागी नवा माणूस आणायचा तर त्याला पगार द्यावाच लागतो, आणि जुन्याचं काम समजून घ्यायला त्याला दोन महिने लागतात. म्हणून पगार प्रत्यक्ष घ्या किंवा नका घेऊ, वहीत तो लिहा.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून मला हा सहा माणसांचा आणि दोन वर्षांचा गेम दिसतो. म्हणजे तुम्ही चौघं, शिवाय एक ॲनिमेटर आणि एक टेस्टर. माणशी महिना ७०,००० रुपये धरू. यात पगार, जागेचं भाडं, वीज, इन्व्हर्टर, लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर सगळं आलं. हे माझे अंदाज आहेत. पर्वरीत जागा घेतलीत तर वाढतील, डिचोलीत कोणाच्या घरच्या माडीवर बसलात तर कमी होतील. महिन्याला ४ लाख २० हजार, चोवीस महिन्यांचे साधारण १ कोटी १ लाख. संगीत, आवाज, भाषांतरं, वकील, कन्सोलचं पोर्टिंग (गेम त्या यंत्रावर चालेल असा करणं) अशा बाहेरच्या कामांना २५ लाख. या सगळ्यावर चौथाई रक्कम अडीअडचणीसाठी. ती मी कधीच वगळत नाही, कारण वेळेत संपलेला गेम मी अजून पाहिलेला नाही. झाले १ कोटी ५७ लाख. गेम लोकांपर्यंत पोहोचवायला किमान २३ लाख. एकूण १ कोटी ८० लाख.

आता प्रतीमागे हातात काय येतं ते बघू. नवे लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा किंमत २० डॉलर. पूर्ण किमतीला घेणारे पहिल्या काही आठवड्यांतले. पुढे सेल लागतात, आणि भारत, ब्राझील, तुर्कस्तान अशा देशांत मूळ किंमतच कमी ठेवावी लागते. दोन-तीन वर्षांची सरासरी काढली तर माझ्या अनुभवात प्रतीमागे छापील किमतीच्या निम्मी रक्कम पडते: १० डॉलर. त्यातून युरोपातला विक्रीकर आणि परत केलेल्या प्रती वजा जाता साडेआठ. त्यातले ३० टक्के दुकानाचे. पीसीवर स्टीम असो की कन्सोलवरचं डिजिटल दुकान, नेहमीचा वाटा तेवढाच. उरले सहाच्या जरा खाली. अमेरिकेतल्या विक्रीवर तिकडचा कर आधीच कापला जातो. डब्ल्यू-८बेन-ई हा फॉर्म नीट भरला तर भारताशी असलेल्या करारामुळे तो ३० ऐवजी १५ टक्के लागतो. पुढे इथल्या विवरणपत्रात त्याचं श्रेय मागता येतं, पण पैसे आज हातात नसतात. तेव्हा साडेपाच डॉलर धरा. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साधारण ४६७ रुपये.

१ कोटी ८० लाखांना ४६७ ने भागा. सुमारे ३८,५०० प्रती. एवढ्या विकल्या की तुम्ही जिथून निघालात तिथे परत आलात, बाकी काही नाही. पुढचा गेम स्वतःच्या पैशांवर करायचा तर याच्या दुप्पट.

हे जमण्यासारखं आहे का? पहिलाच गेम, नाव कोणाला माहीत नाही, तर ३८,५०० हा आकडा मला जड वाटतो. म्हणून गेम लहान करा. चौघं, चौदा महिने, खेळायला चार-पाच तासांचा एकच घट्ट अनुभव. त्याच दराने ३९ लाख, बाहेरची कामं १५ लाख, वर चौथाई, प्रसिद्धीला १२ लाख. एकूण ८० लाखांच्या आसपास. किंमत २० डॉलरच ठेवली तर १७ हजार प्रतींत सुटता. लहान गेम म्हणून १५ डॉलरला विकलात तर प्रतीमागे साडेतीनशे रुपयेच हातात येतात आणि गरज २३ हजारांवर जाते. किंमत ठरवणं शेवटच्या आठवड्यातलं काम समजू नका. निन्जा थिअरी या स्टुडिओने ‘हेलब्लेड’ हा गेम २०१७ मध्ये सुमारे वीस माणसांत केला आणि मोठ्या गेमच्या निम्म्या किमतीला, ३० डॉलरला विकला. तीन महिन्यांत ५ लाख प्रती गेल्या आणि त्यांच्या अंदाजाआधीच गेम नफ्यात आला. माणसं किती आणि किंमत किती, हे दोन्ही त्यांनी सुरुवातीलाच एकत्र ठरवलं होतं.

तुम्हांला भीती आहे ती कन्सोलची. पण आतापर्यंतच्या हिशेबात कन्सोल फारसं आलंच नाही, हे लक्षात आलं असेल. तयार आणि चालणारा गेम एका कन्सोलवर न्यायला दोन माणसं चार महिने धरा, टेस्टिंग धरून ८ लाखांच्या आत काम होतं. ते वसूल व्हायला १,७०० जादा प्रती पुरतात. महाग असतो तो गेम. कन्सोल हे त्याचं एक जादा दार आहे. म्हणून प्रत्येक कन्सोलचा हिशेब वेगळा मांडा आणि तिन्ही एकदम उघडू नका. चौघांना एकाच आठवड्यात चार ठिकाणचे बग निस्तरता येत नाहीत.

काही व्यवहाराच्या गोष्टी भराभर. कंपनी किंवा एलएलपी नोंदवल्याशिवाय कन्सोल कंपन्यांकडे अर्ज करू नका. एक्सबॉक्सचा स्वतंत्र निर्मात्यांसाठीचा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि स्वतःच प्रकाशित करता येतं. डेव्हकिट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीचं खास यंत्र, मिळण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही असते, त्यामुळे कोणत्या यंत्राला काय पडतं ते मी इथे लिहू शकत नाही. तुमचा अर्ज मंजूर झाला की तुम्हांला कळेलच. निन्टेन्डो भारतात स्वतःचं यंत्र अधिकृतपणे विकत नाही, तरी भारतातल्या स्टुडिओला स्विचवर गेम आणता येतो. पहिल्या स्विचमध्ये फक्त ४ जीबी मेमरी आहे, आणि तुमच्या रानातली झाडी बघता तिथे घाम फुटेल. गेम ज्याच्यावर बांधतात त्या तयार सॉफ्टवेअरला इंजिन म्हणतात. अनरिअल इंजिन वापरलंत तर गेमच्या एकूण विक्रीतल्या पहिल्या १० लाख डॉलरवर रॉयल्टी नाही, पुढे ५ टक्के. युनिटी या इंजिनात कन्सोलसाठी प्रो परवाना किंवा कन्सोल कंपनीने दिलेली किल्ली लागते. गोडो हे इंजिन खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता येतो, पण कन्सोलचा गोपनीय कोड त्यात ठेवता येत नाही, म्हणून पोर्ट सहसा बाहेरून करून घ्यावं लागतं. इंजिन निवडायच्या आधीच हे वाचून घ्या.

सर्टिफिकेशनवर मात्र थोडं थांबायला हवं. प्रत्येक कन्सोल कंपनी तुमचा बिल्ड, म्हणजे गेमची चालती आवृत्ती, तपासते, आणि गेम मजेदार आहे की नाही याच्याशी त्या तपासणीचा संबंध नसतो. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबतो का? यंत्र झोपवून उठवलं तर सेव्ह शाबूत राहतो का? बटनांची नावं आणि चिन्हं त्या कंपनीच्या पद्धतीने आहेत का? एक चूक निघाली की बिल्ड परत. २०१२ मध्ये ‘फेझ’ या गेमच्या एक्सबॉक्सवरच्या दुरुस्तीतच दोष निघाला. नव्या दुरुस्तीला पुन्हा तपासणीचे हजारो डॉलर पडणार म्हणून निर्मात्यांनी दोषासकट जुनीच दुरुस्ती ठेवली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ते शुल्क काढून टाकलं. पैसे आज जात नाहीत, पण वेळ जातो.

आमचा कसा गेला ते सांगतो, म्हणजे तुमचा वाचेल. फोंड्यातल्या आमच्या पहिल्या कन्सोल गेमचा बिल्ड मी चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात पाठवला. वाटलं, सुट्टीत ते तपासतील, आपण आलो की पुढचं. तिसऱ्या दिवशी बिल्ड परत आला: लोडिंगच्या पडद्यावर कंट्रोलर सुटला की गेम गोठत होता. दुरुस्ती दोन तासांची होती. पण ते कोड लिहिणारा मुलगा सत्तरीतल्या गावी, घरी माटोळी (गणपतीवरचं रानफळा-पानांचं छत) बांधलेली, गणपती नऊ दिवसांचा. त्याला बोलावणं मला योग्य वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो परतल्यावर दुसऱ्यांदा पाठवला, मग तिसऱ्यांदा. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी, सगळे मोठे गेम येतात त्या गर्दीत बाजारात आलो. आमच्याबद्दल लिहायला कोणाकडे जागा नव्हती. तेव्हापासून वेळापत्रकात चतुर्थीचे दोन आठवडे मी कोरे ठेवतो आणि सर्टिफिकेशन तीनदा नापास होणार हे धरूनच तारीख लावतो.

पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, घ्यावा का, हे परिस्थितीवर आहे. तो पैसे देणार असेल तर घ्या. नुसती ‘प्रसिद्धी करू’ म्हणत असेल तर दहा वेळा विचार करा. कराराचा एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचा: वसुलीचा. पब्लिशरने दिलेले पैसे आधी कशातून वळते होतात? दुकानाचा वाटा गेल्यावर उरलेल्या सगळ्या रकमेतून, की तुमच्या निम्म्या वाट्यातून? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ५० लाख आगाऊ घेतले आणि ते तुमच्या निम्म्या वाट्यातून वळते होणार असतील, तर एकूण १ कोटी जमा होईपर्यंत तुम्हांला रुपया दिसत नाही. प्रसिद्धीचा खर्चही आधी वसूल होणार असेल, तर त्याला वरची मर्यादा लिहून घ्या. एका करारात ती मर्यादा मी लिहून घेतली नाही. गेम विकला जात होता, हिशेबाचे कागद दर तिमाहीला येत होते, आणि दोन वर्षं आमच्या रकान्यात शून्य होतं.

आता पुढच्या सहा महिन्यांत काय करायचं. नोकरी सोडू नका. वीस मिनिटं खेळता येईल असा एक तुकडा पूर्ण करा, अगदी विकण्याच्या दर्जाचा. त्याला लागलेले तास प्रामाणिकपणे लिहून ठेवा, कारण पूर्ण गेमच्या खर्चाचा तोच सर्वांत खरा अंदाज. तो तुकडा पीसीवर डेमो म्हणून ठेवा आणि किती अनोळखी लोक गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकतात ते बघा. माझ्या पाहण्यात विशलिस्टच्या दहा-पंधरा टक्के प्रती पहिल्या आठवड्यात जातात, आणि वर्षभरात त्याच्या चौपट. ३०,००० विशलिस्ट झाल्या तर वर्षाचे १२ ते १८ हजार. ८० लाखांच्या गेमला ही आशा पुरते. १ कोटी ८० लाखांच्या गेमला पुरत नाही. आकडा ५,००० वरच अडकला, तर गेम आणखी लहान करा, किंवा हा तुकडा हाताशी धरून पैसे देणारा पब्लिशर शोधा.

शेवटचं तुम्ही विचारलंय, राखणदार बाहेरच्या लोकांना कळेल का. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने ‘राजी’ हा गेम केला तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असणार. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून ठरवलेली रक्कम त्यांना उभी करता आली नाही. तरी गेम ऑगस्ट २०२० मध्ये स्विचवर आला, नंतर बाकी यंत्रांवर, आणि त्या वर्षीच्या द गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. लोकांना देवतांची नावं माहीत नव्हती. राजस्थानी वाटणारे वाडे आणि बाहुल्यांच्या खेळासारखी सांगितलेली गोष्ट मात्र दिसत होती. तुमच्या वर्णनात सीमेवरच्या दगडापुढे रोट ठेवण्याचा जो प्रसंग आहे, तो वाचून मी थांबलो. तो डेमोत घ्या. आणि बाहेरच्या कामांच्या रकमेतून काही कापायचं झालं तर भाषांतरं कापा, आवाज कापू नका. गावातली सुवारी वाजवणारी मंडळी बोलवा, घुमट, शामेळ आणि कांसाळं ही वाद्यं एका रात्रीत नीट ध्वनिमुद्रित करून घ्या, त्यांना मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं घाला. विकत मिळणाऱ्या संगीताच्या तयार साठ्यांत हा आवाज मला कुठेही मिळालेला नाही.